डोंगर मसुद्यात अडकतो तेव्हा: पश्चिम घाटाचं ‘संवेदनशील क्षेत्र’ म्हणजे नेमकं काय

आजोळहून मामांचा फोन आला. आवाजात काळजी होती. “अरे, आपल्या गावाचं नाव त्या इको सेन्सिटिव्हच्या यादीत आहे म्हणे. दिवाळीनंतर पडवी वाढवायची होती. आता ग्रामपंचायत अडवणार का? सातबाऱ्यावर शिक्का मारतात असंही कुणी सांगत होतं.”

मी म्हटलं, “मामा, पडवी खुशाल बांधा. सातबारा तुमचाच राहतो.” त्यांचं समाधान झालं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. सह्याद्रीतल्या दोन हजारांहून जास्त गावांना गेली दहा-बारा वर्षं या शब्दाची धास्ती आहे. या क्षेत्राचा सरकारी मसुदा राजपत्रात छापून येतो, तिथून वर्तमानपत्रात येतो, आणि गावात पोचेपर्यंत त्याची अफवा झालेली असते. मामांना फोनवर जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे सलग मांडतो.

आधी डोंगर

पश्चिम घाट म्हणजे तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेली सुमारे १६०० किलोमीटरची डोंगररांग. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या सहा राज्यांतून ती जाते. आपल्याकडच्या भागाला आपण सह्याद्री म्हणतो.

या डोंगराचं सगळ्यात मोठं काम पाण्याचं आहे. पाऊस चार महिने पडतो, पाणी बारा महिने लागतं. मधल्या आठ महिन्यांची सोय घाटमाथ्यावरची झाडं, त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेली माती आणि सड्यांवरचा सच्छिद्र जांभा करतात. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, गोदावरी त्र्यंबकेश्वरला, भीमा भीमाशंकरला. तिघींचाही उगम अरबी समुद्रापासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत आहे, तरी त्या पूर्वेकडे निघतात आणि त्यांचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे नांदेडच्या शेतकऱ्याचं आणि तेलंगणातल्या शेतकऱ्याचंही पाणी या कड्यांवर ठरतं. पुण्याचं खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि मुंबईचं भातसा, तानसा, वैतरणा हे सगळं याच डोंगराच्या भरवशावर आहे. ज्यांना वाटतं की संवेदनशील क्षेत्र हा डोंगरातल्या गावांचा प्रश्न आहे, त्यांनी आपल्या नळाचं पाणी कुठून येतं ते एकदा शोधावं.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातली चार महाराष्ट्रात आहेत: कासचं पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. हे चांगलंच झालं. पण अभयारण्यांना कायद्याचं कुंपण आधीपासून होतं. खरा प्रश्न त्या कुंपणाबाहेरच्या डोंगराचा आहे: खासगी मालकीची जंगलं, देवरायांचे तुकडे, कातळसडे, दोन गावांमधले झाडीने भरलेले उतार. वाघ, गवा, शेकरू यांना सातबारा वाचता येत नाही. ती एका अभयारण्यातून दुसऱ्यात याच मधल्या झाडीतून जातात. संवेदनशील क्षेत्राचा सगळा खटाटोप या मधल्या डोंगरासाठी आहे.

तीन गोष्टींची गल्लत

गावात बोलताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखतात आणि भीती तिथून सुरू होते.

पहिली गोष्ट अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली होतं. तिथे वन खात्याचा शब्द चालतो. चराई, लाकूडफाटा, ये-जा यांवर निर्बंध येतात आणि काही ठिकाणी गावं उठवलीही गेली आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे अशा अभयारण्याभोवती आखलेला पट्टा. तो प्रत्येक अभयारण्यासाठी वेगळ्या अधिसूचनेने ठरतो. आणि तिसरी, मामांना सतावणारी, म्हणजे पश्चिम घाटाचं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. ही गोष्ट १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येते.

या १९८६ च्या कायद्याची पद्धत निराळी आहे. तो जमिनीच्या मालकीला हात लावत नाही. ‘या भागात अमुक प्रकारचे उद्योग, अमुक प्रकारची कामं चालणार नाहीत’ एवढंच तो सांगतो. जमीन विकता येते, वारसांच्या नावावर करता येते, भात लावता येतो, काजूची बाग करता येते. कुणाला गाव सोडावं लागत नाही.

मग लोक घाबरतात का? कारण त्यांना अनुभव आहे. कोयना धरणात ज्यांची गावं गेली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनं करावी लागली. चांदोलीच्या माणसांनी आधी धरण पाहिलं, मग राष्ट्रीय उद्यान पाहिलं. अशा मुलखात कुणी अधिकारी येऊन ‘तुमचं काही जाणार नाही’ म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास कसा बसावा? हा अविश्वास अडाणीपणातून आलेला नाही, आठवणीतून आलेला आहे. ज्यांना हा डोंगर वाचवायचा आहे, त्यांनी आधी हे मान्य केलं पाहिजे.

आकड्यांची वाट: गाडगीळ ते कस्तुरीरंगन

मार्च २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. गाडगीळांची या डोंगराशी ओळख जुनी होती. १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला होता. गावाने देवाच्या नावाने राखलेलं रान कसं टिकतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. ऑगस्ट २०११ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालावर त्या अनुभवाची छाप आहे.

समितीने अख्ख्या पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला उतार, पाऊस, झाडी, जीवसृष्टी यांवरून गुण दिले. त्यानुसार संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याच्या तीन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीत बंधनं कडक, तिसरीत सैल. पण अहवालाचा गाभा माझ्या मते चौकोनांत नाही. ही आखणी पहिली मांडणी समजा, ग्रामसभांपुढे न्या, लोकांशी बोलून हद्दी आणि नियम ठरवा, असं समितीचं म्हणणं होतं. अहवाल मात्र कित्येक महिने मंत्रालयातच पडून राहिला. माहितीचा अधिकार वापरून, न्यायालयापर्यंत जाऊन, मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. तोवर त्याच्याविषयीच्या वावड्या डोंगर उतरून गेल्या होत्या.

मग ऑगस्ट २०१२ मध्ये दुसरी समिती आली. तिचे अध्यक्ष अवकाश शास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन. त्यांनी उपग्रहाची छायाचित्रं वापरली आणि घाटाचे दोन भाग केले. जिथे शेती, वस्ती, लागवड आहे तो भाग बाजूला ठेवला. उरलेल्या नैसर्गिक भागातला बहुतांश, म्हणजे पूर्ण घाटाच्या ३७ टक्के, सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर, संवेदनशील म्हणून सुचवला. चौकोनाऐवजी महसुली गाव हे एकक धरलं. सहा राज्यांत मिळून चार हजारांहून जास्त गावं यादीत आली.

गाव एकक धरण्यात सोय आहे, कारण तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे गावाची हद्द ओळखतात. पण डोंगर गावाच्या शिवेवर थांबत नाही. एका गावाचा उतार यादीत आणि त्याच उताराचा शेजारच्या गावातला भाग मोकळा, असंही होतं. गाडगीळांनी २०१३ मध्ये खुलं पत्र लिहून दुसऱ्या अहवालावर टीका केली. निसर्ग आणि माणसाचा वावर यांची अशी फाळणी करता येत नाही, हा त्यांचा मोठा आक्षेप होता. गावातून वाहणारा ओढा वरच्या जंगलातून येतो, तेव्हा वरचं राखून खालचं सोडून कसं चालेल? मला हा आक्षेप पटतो. तरीही दहा वर्षं काहीच न होण्यापेक्षा कस्तुरीरंगन यांचे ३७ टक्के पक्के झाले असते तर डोंगराचं अधिक भलं झालं असतं, असंही वाटतं.

सहा मसुदे

कायद्याची वाट अशी असते. सरकार आधी मसुदा अधिसूचना काढतं. त्यावर ६० दिवसांत हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्यांचा विचार करून अंतिम अधिसूचना निघते. मसुद्याला ठराविक मुदत असते. सुरुवातीच्या मसुद्यांच्या वेळी ती ५४५ दिवसांची होती. त्या मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही, तर मसुदा गळून पडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पहिला मसुदा १० मार्च २०१४ ला निघाला. मुदत संपायला दोन दिवस असताना, ४ सप्टेंबर २०१५ ला दुसरा आला. दुसऱ्याची मुदत संपत आली तेव्हा २७ फेब्रुवारी २०१७ ला तिसरा. मग ३ ऑक्टोबर २०१८, ६ जुलै २०२२, आणि सहावा ३१ जुलै २०२४. तारखा बारकाईने पाहिल्या की लक्षात येतं, मसुदा पक्का करण्यापेक्षा तो मरू न देण्याचीच धडपड जास्त झाली आहे.

मसुद्यातलं क्षेत्र आहे ५६,८२५ चौरस किलोमीटर. कस्तुरीरंगन यांच्या आकड्यापेक्षा ते कमी आहे, कारण केरळने नव्याने पाहणी करून आपला भाग १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरवर आणला. कर्नाटकाचं क्षेत्र सगळ्यात मोठं, २०,६६८. त्याखालोखाल महाराष्ट्र १७,३४०. तमिळनाडूचं ६,९१४, गोव्याचं १,४६१ आणि गुजरातचं ४४९. महाराष्ट्रातला हा पट्टा उत्तरेकडून नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर, आणि खाली रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असा उतरतो.

राज्यांना काय नको आहे? केरळमध्ये २०१३ साली इडुक्कीसारख्या जिल्ह्यांत रस्ते बंद पडले, हरताळ झाले. कर्नाटकाने तर अहवालच नको म्हटलं. महाराष्ट्राने काही गावं वगळायला सांगितली. प्रत्येक वेळी केंद्राने पुन्हा बोलणी केली, पुन्हा मसुदा काढला. २०२२ मध्ये राज्यांच्या हरकती तपासायला आणखी एक समिती नेमली. राज्यागणिक वेगळी अंतिम अधिसूचना काढावी का, हा विचारही पुढे आला आहे. मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो. सहाही राज्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर सातवा, आठवा मसुदाही वाचावा लागेल.

बंदी कशावर, मोकळीक कशाला

आता मामांच्या पडवीकडे येऊ.

मसुद्यात पूर्ण बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी आणि वाळू उपशावर. चालू खाणी अंतिम अधिसूचनेनंतर पाच वर्षांत किंवा खाणपट्ट्याची मुदत संपेल तेव्हा, यातलं जे आधी येईल तेव्हा बंद करायच्या आहेत. नवे औष्णिक वीज प्रकल्प नाहीत, जुन्यांचा विस्तार नाही. प्रदूषण मंडळाच्या यादीत जे ‘लाल’ गटात मोडतात ते सर्वाधिक प्रदूषण करणारे नवे उद्योग नाहीत. गावाचं प्राथमिक आरोग्य केंद्र मात्र उभारता येतं. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं नाहीत, आणि ५० हेक्टरांच्या पुढच्या वसाहती नाहीत. जलविद्युत प्रकल्पांना अटींवर वाव आहे. उन्हाळ्यात नदीत किमान ३० टक्के प्रवाह सोडावा लागेल, ही त्यातली महत्त्वाची अट.

२०,००० चौरस मीटर म्हणजे दोन लाखांहून जास्त चौरस फूट. मामांची पडवी दोनशे चौरस फुटांची. मर्यादेच्या हजाराव्या भागाएवढीही ती नाही. घराची दुरुस्ती, गोठा, विहीर, शाळेची खोली यांतलं काहीच या आकड्याच्या आसपास येत नाही.

इथेच मसुद्याची मोठी उणीवही दिसते आणि ती मी लपवणार नाही. २०,००० चौरस मीटरची रेषा पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या नियमांतून उचलली आहे. तो शहरी हिशोब आहे. सह्याद्रीचा उतार क्वचितच एका मोठ्या इमारतीने बिघडतो. तो बिघडतो तुकड्यातुकड्याने. कुणी डोंगराचे पंधरा एकर घेतो, जेसीबी लावून पायऱ्या पाडतो, दहा-दहा गुंठ्यांचे प्लॉट विकतो, प्रत्येक प्लॉटपर्यंत लाल मातीचा रस्ता काढतो. एकही बांधकाम मर्यादेत अडकत नाही. दोन पावसाळ्यांत तो रस्ता ओढा होऊन वाहू लागतो आणि खालच्या भातखाचरात गाळ येतो. मोठ्या खाणीला मसुदा अडवतो, या प्लॉटिंगला अडवत नाही. अंतिम अधिसूचनेत डोंगरउतार कापण्यावर वेगळी मर्यादा असायला हवी.

उलट बाजूने, गावच्या एका गरजेवर मसुदा नको तितका कडक आहे. कोकणात आणि आजरा-चंदगडच्या पट्ट्यात घर चिऱ्याचं होतं. जांभा दगड सड्यावर कापायचा, चिरे काढायचे, भिंत उभी करायची. चिरेखाण म्हणजे मोठ्या यंत्रांची लोहखनिजाची खाण नव्हे, पण मसुद्याची भाषा दोघांना एकाच शब्दात बंद करते. हे खरं आहे की चिरेखाणींनीही कित्येक सडे पोखरले आहेत आणि चिऱ्यांचे ट्रक आता गावापुरते राहिलेले नाहीत. तरी गावच्या घराला लागणारा चिरा आणि परजिल्ह्यात विकायला निघालेला चिरा यांत फरक करता येतो. ग्रामसभेच्या मंजुरीने, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापात. हा फरक कागदावर आला असता, तर निम्मा विरोध मावळला असता असं मला मनापासून वाटतं.

‘प्रस्तावित’ असण्याचा अर्थ

या सगळ्यात एक प्रश्न उरतो. अंतिम अधिसूचना नाही, मग आज डोंगराला काही संरक्षण आहे की नाही?

थोडं आहे. १३ नोव्हेंबर २०१३ ला केंद्राने त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाखाली निर्देश काढले. अंतिम निर्णय होईपर्यंत सुचवलेल्या क्षेत्रात खाणी, औष्णिक वीज, लाल गटातले उद्योग आणि मोठी बांधकामं यांना नव्या परवानग्या देऊ नयेत, असा त्याचा अर्थ. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही मसुद्यातलं क्षेत्र परस्पर कमी करू नका आणि घाटाला बाधक ठरणाऱ्या परवानग्या देऊ नका, असं सहा राज्यांना बजावलं. म्हणजे मसुदा अगदीच पोकळ नाही. पण तात्पुरत्या निर्देशांवर देखरेख समिती उभी राहत नाही, निधी येत नाही, गावाला मोबदल्यात काही मिळत नाही. बंधन आहे, सोबत नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे १९६४ चा कायदा काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, एखाद्या भागाला ‘वन्यप्रदेश’ घोषित करण्याचा अधिकार देतो. अशा भागात रस्ता नाही, मोटार नाही, वस्ती नाही. माणूस तिथे पाहुणा. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं दाट जंगलाचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचा बहुतांश भाग कित्येक दशकं ‘प्रस्तावित वन्यप्रदेश’ आहे. काँग्रेसने अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. तरी उद्यान प्रशासन त्या भागाची निगा वन्यप्रदेश असल्यासारखीच ठेवतं. प्रस्ताव लटकला तरी जंगलाचा दर्जा घसरू द्यायचा नाही, हा तिथला दंडक.

तो प्रस्ताव का लटकला याची गोष्ट ऐकली की कोयना आठवते. दुसऱ्या महायुद्धात तिथे फोंटाना धरण बांधलं. पाण्याखाली वाड्या-रस्ते गेले, दफनभूमींकडे जायची वाट तुटली. सरकारने नवा रस्ता बांधून देण्याचं वचन दिलं. काही मैल आणि एक बोगदा झाल्यावर काम थांबलं. लोक त्याला ‘कुठेही न जाणारा रस्ता’ म्हणू लागले. वन्यप्रदेश घोषित झाला तर तो रस्ता कायमचा गेला, म्हणून स्थानिकांनी आणि त्यांच्या बाजूच्या राजकारण्यांनी प्रस्ताव रोखून धरला. शेवटी २०१० मध्ये रस्त्याऐवजी ५.२ कोटी डॉलर देण्याचं ठरलं. धरणाच्या वेळी मोडलेला शब्द पुढे जंगलाच्या आड आला.

अमेरिकेचा तो साचा आपल्याकडे चालणार नाही, हेही सांगायला हवं. तिथली जमीन सरकारची, माणसं आधीच हलवलेली. सह्याद्रीत माणूस पाहुणा नाही. धनगरांचे वाडे, महादेव कोळ्यांची, ठाकरांची, कातकऱ्यांची वस्ती, घाटवाटा, देवराया, गडकोट हे सगळं याच जंगलात आहे. म्हणून आपल्याकडे संरक्षण म्हणजे कुंपण नव्हे, नियम. आणि नियम पाळायचा तर तो पाळणाऱ्याला ठरवण्यात वाटा हवा.

दरडी

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशे माणसं दगावली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचं तळीये, जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. आणि माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडच्या डोंगराने मुंडक्काई आणि चूरलमला ही गावं गिळली. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी.

संवेदनशील क्षेत्र घोषित असतं तर ही माणसं वाचली असती, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. इर्शाळवाडीच्या वर खाण नव्हती. खडकावर मातीचा थर, त्यावर दोन-तीन दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस, पाणी मुरून जड झालेली माती आणि तीव्र उतार, एवढं दरड सुटायला पुरतं. पण उताराचा पायथा रस्त्यासाठी कापला, वरचं झाड तोडलं, ओढ्याची वाट बुजवली, की तीच दरड सुटायला कमी पाऊस पुरतो. दरड थांबवणं आपल्या हातात नाही. तिला आमंत्रण न देणं आहे.

जिथे शिक्का बसला

महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली आणि माथेरान २००३ साली संवेदनशील म्हणून अंतिम अधिसूचनेने जाहीर झाले. दोन्हीकडे लोक राहतात, धंदा करतात, जमिनी त्यांच्याच नावावर आहेत. मामांना मी हेच उदाहरण दिलं, कारण महाबळेश्वर त्यांनी पाहिलेलं आहे. माथेरानला पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, त्यापुढे त्या जात नाहीत. महाबळेश्वरात चित्र तितकं चांगलं नाही. तिथे वाहनांच्या रांगा आणि अनधिकृत बांधकामांच्या तक्रारी दर हंगामात असतात. फरक कशाचा? माथेरानचा नियम साधा आहे, गाडी दिसली की मोडलेला कळतो. महाबळेश्वरातले नियम फायलीत तपासावे लागतात.

दक्षिणेला सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा आहे. गोवा आणि कर्नाटकाच्या जंगलांतून वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाकडे येतो तो याच वाटेने. कस्तुरीरंगन यांच्या यादीत दोडामार्ग तालुका मात्र बाहेर राहिला. या पट्ट्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने तिथल्या वृक्षतोडीवर बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये या पट्ट्यातली २५ गावं संवेदनशील जाहीर करण्याच्या दिशेने आदेश दिला. दरम्यान जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथल्या लोहखनिजाच्या खाणीच्या बाजूचा डोंगर खचला आणि गाळाचं पाणी वस्तीत शिरलं. त्याच वर्षी याच तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल आणि शेजारच्या आंबोलीतलं हिरण्यकेशी मंदिराचं कुंड जैवविविधता वारसा स्थळं झाली. तिथे मिळालेल्या माशाच्या जातीला हिरण्यकेशीचंच नाव आहे. एकाच मुलखात खाण आणि कुंड, दोन्ही एकाच वर्षी बातमीत.

ग्रामसभेत काय विचारावं

मामांनी शेवटी विचारलं, “मग आम्ही हरकत घ्यायची की पाठिंबा द्यायचा?”

मी सांगितलं ते असं. आधी राजपत्रातल्या मसुद्याच्या परिशिष्टात जिल्हा-तालुक्यानुसार गावांची यादी आहे, तिच्यात नाव खरंच आहे का ते पाहा. एकाच नावाची दोन गावं असतात, शेजारचं गाव यादीत असतं आणि आपण घाबरतो. मसुद्याची मराठी प्रत पंचायतीकडे मागा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. मग ठराव करा, पण ‘आमचं गाव वगळा’ एवढ्या एका ओळीचा करू नका. तो ठराव खाण मागणाऱ्याला हवा असतो, गावाला नव्हे. ठरावात लिहा: घरापुरता चिरा काढू द्या आणि त्याची जागा ग्रामसभा ठरवेल. डोंगर कापून होणाऱ्या प्लॉटिंगला बंदी घाला. देखरेख समितीत गावचे दोन जण घ्या. आणि जंगलावर जगणाऱ्या वाड्यांचे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे सामूहिक दावे आधी निकाली काढा. तो हक्क संवेदनशील क्षेत्र झालं तरी जात नाही आणि न झालं तरी मागावाच लागतो.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वरच्या देवराईच्या कडेला गेल्या वर्षी कुणी तरी रस्ता काढलाय. ते पण घालतो ठरावात.”